तिसाव्या दिवसाची नोंद

गांधीबाग म्हटलं की नागपूरकराला आधी कापड आठवतं. ठोक मालाची दुकानं, आवळून बांधलेल्या गाठी, हातगाड्या, सेंट्रल अव्हेन्यूवर तुंबलेली वाहनं आणि दिवाळीच्या तोंडावर थेट इतवारीपर्यंत लागलेली गिऱ्हाइकांची रीघ. याच बाजाराला लागून डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय आहे. विदर्भातल्या गावोगावच्या आणि मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडच्याही बायका बाळंतपणासाठी नागपूर गाठतात. काहींचं बाळ पूर्ण दिवसांचं असतं, काहींचं सातव्या-आठव्या महिन्यातच येतं. अशा लहानग्यांसाठी तिथे विशेष नवजात काळजी कक्ष आहे. कागदावर ‘एसएनसीयू’, आणि बाहेर पायरीवर बसलेल्या आजीच्या बोलण्यात ‘काचेची पेटी’.

पेटीतल्या बाळाला अजून नाव नसतं. रजिस्टरात आईच्या नावाआधी ‘बेबी ऑफ’ एवढंच लिहिलेलं असतं. जुळी असली तर पहिलं आणि दुसरं. वजन, किती आठवड्यांचं, ऑक्सिजन किती दिवस, सलाइन, कावीळ, जंतुसंसर्ग, सुट्टीची तारीख. पत्ता बहुधा माहेरचा, कारण बाळंतपण माहेरी. फोन नंबर त्या वेळी जो कोणी जवळ उभा होता त्याचा, मग तो भाऊ असो की शेजारी. सुट्टी झाली की या ओळीचं काम संपतं. बाळ वाचलं, घरी गेलं, खाट रिकामी झाली. देशभरातल्या अशा कक्षांची माहिती ऑनलाइन भरण्याची व्यवस्थाही गेल्या दशकात उभी राहिली आहे, आणि किती बाळं आली, किती वाचली हे आज पूर्वीपेक्षा पुष्कळ नीट कळतं.

या ओळीला जोडून आणखी एक नोंद लागते. बाळ साधारण तीस दिवसांचं झालं की त्याच्या डोळ्याचा पडदा कुणीतरी पाहिला पाहिजे. त्या दिवशी बाळ बहुतेक वेळा रुग्णालयात नसतं. या लेखाचा विषय ती नोंद आहे, आणि डोळ्यांच्या आरोग्यात तिच्यासारख्या आणखी ज्या नोंदी माणूस दाराबाहेर गेल्यावर करायच्या असतात, त्या.

बाहेरून न दिसणारं आंधळेपण

आईच्या पोटात साधारण सोळाव्या आठवड्यापासून पडद्यावर रक्तवाहिन्या पसरू लागतात. मधोमध सुरुवात होऊन त्या कडेपर्यंत पोचायला जवळपास पूर्ण दिवस भरावे लागतात. बाळ आधीच जन्मलं तर हे काम अर्धवट राहतं. त्यातच पेटीत ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त मिळाला तर वाहिन्यांची वाढ थांबते. काही आठवड्यांनी उपाशी राहिलेला पडदा रक्तपुरवठ्यासाठी हाका मारू लागतो, आणि मग भलत्याच, नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात. त्यातून रक्तस्राव होतो, व्रणाचे पापुद्रे धरतात, पडदा ओढला जाऊन सुटतो. या विकाराला डॉक्टर ‘रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’ म्हणतात, रोजच्या बोलण्यात आरओपी.

बहुतेक बाळांत तो आपोआप मावळतो. ज्यांच्यात मावळत नाही त्यांच्यासाठी लेझर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. गंभीर अवस्था दिसली की उपचार दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. वेळ गेली की पुढे फारसं काही हाती राहत नाही. आणि हे सगळं चालू असताना बाळाचे डोळे बाहेरून अगदी टपोरे, स्वच्छ दिसतात. ‘चांगलं पाहून राहिलं न ते दिव्याकडे’ असं घरात कुणी म्हणालं तर त्यात चूक काढता येत नाही. बाहुली थेंबांनी मोठी करून, डोक्याला लावलेल्या प्रकाशयंत्राने आणि हातातल्या भिंगाने पाहिल्याशिवाय तज्ज्ञालाही काही सांगता येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झाला. मुलांमधल्या तपासायच्या विकारांच्या त्याच्या यादीत आरओपी आहे. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मापासून चार आठवड्यांत पडदा तपासावा, फारच लहान बाळ असेल तर त्याहूनही आधी, असा नियम आहे. नियम चांगला आहे. तो पाळला गेला का, हे सांगणारा रकाना कुठे आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

मधल्या काळात बाळाचं काय होतं ते पाहा. सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतिणीला घराबाहेर काढायचं नाही ही घरोघरची रीत. त्यात बाळ अशक्त. गाव सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. बापाची मजुरी बुडते. मध्येच बारसं होऊन ‘बेबी ऑफ’चं नाव बदलतं, आई माहेराहून सासरी जाते, फोन ज्या भावाचा होता तो पुण्याला कामाला गेलेला असतो. तपासणी दुसऱ्या रुग्णालयात झाली तर तिथे नवा केसपेपर निघतो, नव्या नावाने. मग डोळ्याच्या डॉक्टरकडे आलेलं बाळ आणि नवजात कक्षातून गेलेलं बाळ एकच, हे जुळवायला कुणाकडे काही उरत नाही. यात आईबापाचा हलगर्जीपणा शोधणं मला अन्यायाचं वाटतं.

सर्वोच्च न्यायालयासमोर २०१५ मध्ये असंच एक प्रकरण निकाली निघालं. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या मुलीचा पडदा वेळेत तपासला गेला नाही, आईवडिलांना धोक्याची कल्पनाही दिली गेली नाही आणि तिची दृष्टी गेली. न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. त्यानंतर देशभरातल्या नवजात कक्षांत सुट्टीच्या कार्डावर ‘डोळे तपासून घ्या’ असं लिहिण्याची काळजी वाढली. कार्डावर लिहिणं हा कायदेशीर बचाव होऊ शकतो. तेवढ्याने डोळा वाचत नाही.

एकत्र मांडल्यावर दिसलेलं

हा विकार प्रथम वर्णन केला तो बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी, १९४२ मध्ये. पुढची दहा-बारा वर्षं श्रीमंत देशांतल्या सर्वोत्तम रुग्णालयांत बाळं आंधळी होत राहिली. जगभरात सुमारे दहा हजार. विटामिन, प्रकाश, लोह, सगळ्यांवर संशय घेतला गेला. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. पण एकेका रुग्णालयाकडे मोजकी प्रकरणं, जो तो आपल्यापुरतं पाहणार. अमेरिकेतल्या अठरा रुग्णालयांनी १९५३ पासून एकाच पद्धतीने बाळांची नोंद ठेवली तेव्हा उत्तर निर्विवाद झालं.

पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. ऑक्सिजन सरसकट कमी केला गेला, अंधत्वाचे आकडे घसरले, सगळ्यांना हायसं वाटलं. मात्र डोळे मोजणाऱ्यांनी मृत्यू मोजले नव्हते. ब्रिटनच्या केनेथ क्रॉस यांनी १९७३ मध्ये हिशोब मांडला, की दृष्टी वाचलेल्या एका बाळामागे ऑक्सिजनअभावी सोळाएक बाळं गेली असावीत. एकच रकाना असलेली नोंदवही किती घातक ठरू शकते, याचं याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही. आज बाळाच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी नव्वद ते पंचाण्णव टक्क्यांच्या पट्ट्यात राखायचा आग्रह धरला जातो, तो या दोन्ही चुकांतून आलेला आहे.

स्वीडनने २००६ पासून तपासणीला आलेल्या प्रत्येक अपुऱ्या दिवसांच्या बाळाची राष्ट्रीय नोंद ठेवायला सुरुवात केली. तिचं नाव स्वेडरॉप. काही वर्षांच्या नोंदी पाहून त्यांच्या लक्षात आलं, की थोड्या मोठ्या बाळांमध्ये उपचाराची गरज जवळजवळ पडतच नाही. मग तपासणीची मर्यादा त्यांनी बत्तीस आठवड्यांवरून एकतीसवर आणि अलीकडे तीसवर आणली. शेकडो बाळांची त्रासदायक तपासणी वाचली. याच नोंदींमधल्या ७,६०९ बाळांच्या माहितीवरून, जन्माच्या वेळचं वजन आणि आठवडे पाहून धोका किती ते आधीच सांगणारं गणितही त्यांनी बसवलं.

भारतात नेमकं उलटं करावं लागलं. पाश्चात्त्य निकष दीड किलोच्या आतल्या बाळांपुरते होते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या सुभद्रा जलाली आणि इतर तज्ज्ञांनी आपल्याकडची बाळं पाहून दाखवून दिलं, की इथे त्याहून जड, त्याहून मोठ्या बाळांचीही दृष्टी जाते. ऑक्सिजनचं नियंत्रण सैल, जंतुसंसर्ग जास्त. स्वीडनचा निकष जसाच्या तसा उचलला असता तर आपण कित्येक मुलं गमावली असती. एकाच विकाराबद्दल दोन देशांनी विरुद्ध निर्णय घेतले आणि दोन्ही बरोबर, कारण दोन्हीकडे कुणीतरी आपल्याच बाळांची नोंद वाचत होतं. नागपूरचा निकष नागपूरच्या नोंदींवरून तपासला जायला हवा, असं मी म्हणतो ते यासाठी. सातपुड्याच्या पायथ्याहून आलेलं कमी वजनाचं बाळ हे स्टॉकहोमचं नाही आणि कदाचित हैदराबादचंही नाही.

मोतीबिंदूचा महिना

मोठ्या माणसांच्या बाबतीतही महिन्यानंतरचाच रकाना कोरा राहतो. देशात दरवर्षी साठ लाखांच्या वर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होतात. एवढं काम जगात फार थोड्या ठिकाणी होत असेल आणि त्याचा अभिमान वाटावा असंच ते आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ चा. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा खास प्रकल्प चालला. जाड भिंगाच्या चष्म्यांची जागा डोळ्यात बसवायच्या भिंगाने घेतली ती याच काळात. जिल्ह्याजिल्ह्यात अंधत्व नियंत्रण सोसायट्या निघाल्या, आणि गावोगावी ‘अंध नोंदवही’ तयार करायचं ठरलं.

ही गावची नोंदवही मला फार मोलाची कल्पना वाटते. अंगणवाडीताई, शाळामास्तर, पुढे आशाताई घरोघर जाणार, ठरावीक अंतरावरून बोटं दाखवून म्हातारीला मोजायला लावणार, उजवा डोळा, डावा डोळा वेगळा लिहिणार. रुग्णालय दारी आलेल्यालाच ओळखतं. नोंदवही न आलेल्यालाही नावानिशी ओळखते. घराच्या मागच्या खोलीत बसलेली, ‘आता कशाला माझ्या डोळ्यावर पैसे घालता’ म्हणणारी आजी तिच्यातच सापडते. शस्त्रक्रियेपर्यंत पोचण्यात बाया पुरुषांपेक्षा मागे पडतात, हे कित्येक पाहण्यांत दिसून आलं आहे. पण ही वही एकदा भरली की पुष्कळ ठिकाणी तशीच पडून राहिली. कुणाची शस्त्रक्रिया झाली, दुसरा डोळा कधी पिकला, कोण वारलं, हे त्यात चढत गेलं नाही. जिवंत राहायला वहीला दर वर्षी पाय लागतात.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघते, काळा चष्मा मिळतो, फोटो होतो. जखम भरून डोळा स्थिरावल्यावर, म्हणजे महिनाभराने, दृष्टी मोजायची, नंबर काढायचा, चष्मा द्यायचा. शिबिरातून आलेला शेतकरी तेव्हा सोयाबीन काढत असतो. गांधीबागेतला ठोक व्यापारी माल गेला एवढं लिहून पान उलटत नाही, वसुली होईपर्यंत त्याच्याकडे ते खातं उघडं असतं. आपल्या शस्त्रक्रियांची खाती माल जाताच बंद होतात.

त्याचा परिणाम आकड्यांत आहे. दिल्लीच्या एम्समधल्या राजेंद्रप्रसाद नेत्र केंद्राने २०१५ ते २०१९ दरम्यान ३१ जिल्ह्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या माणसांमधलं ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे निघालं. बुबुळावरचं फूल ८.२ टक्के. आणि तिसरं कारण, ७.२ टक्के, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतली गुंतागुंत. काचबिंदूपेक्षाही जास्त. म्हणजे दिसावं म्हणून ज्यांनी टेबलावर डोळा ठेवला, त्यांतले काही त्याच टेबलावर अंधत्वाच्या यादीत गेले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मोतीबिंदूसाठी जे उद्दिष्ट ठरवलं त्यात नुसती शस्त्रक्रिया मोजत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर ६/१२ किंवा त्याहून चांगलं दिसलं तरच ती धरतात. आपल्या जिल्ह्यांचे अहवाल या मापाने लिहिले गेले तर कित्येक टाळ्या थांबतील, आणि काम सुधारेल.

सुधारतं, याचे दाखले आहेत. स्वीडनची मोतीबिंदूची राष्ट्रीय नोंदवही १९९२ पासूनची, माट्स लुंडस्ट्रॉम यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होऊन डोळाच जाण्याची भीती असते. तो इतका क्वचित होतो, की एका डॉक्टरला आपल्या अनुभवावरून काहीच ठरवता येत नाही. सगळ्या देशाच्या नोंदी एकत्र आल्या तेव्हा शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात प्रतिजैविक सोडण्याचा फायदा दिसला, आणि तो देशभर रुळला. २००५ ते २०१० मधल्या ४,६४,९९६ शस्त्रक्रियांत तिथे अशी प्रकरणं १३५ झाली.

‘ते स्वीडन आहे’ म्हणणाऱ्यांसाठी मदुराई आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने प्रत्येक शस्त्रक्रियेची, प्रत्येक सर्जनच्या हाताची नोंद ठेवण्याची शिस्त बाळगली. त्यांच्या दहा रुग्णालयांतल्या सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशोब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या कप्प्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडायला लागल्यावर संसर्गाचं प्रमाण ०.०७ वरून ०.०२ टक्क्यावर आलं होतं. टक्केवारी किरकोळ वाटेल. देशातल्या साठ लाख शस्त्रक्रियांना लावून पाहा: चार हजार दोनशे डोळे आणि बाराशे डोळे.

नोंद म्हटली की सर्जन बिचकतात, तेही समजून घ्यायला हवं. विदर्भात मोतीबिंदू पार पिकून कडक झाल्यावर माणूस येतो. असे डोळे घेणाऱ्याचे निकाल शहरातल्या विमाधारकांवर शस्त्रक्रिया करणाऱ्यापेक्षा वाईटच दिसणार. नुसती क्रमवारी लावली तर कठीण डोळे कुणी घेणारच नाही. म्हणून चांगल्या नोंदवहीत डोळा आला तेव्हा कसा होता हेही लिहितात आणि तुलना त्या हिशोबानेच करतात. माणूस महिन्याने येतच नसेल तर काय, यालाही उत्तर आहे. दहा देशांतल्या चाळीस रुग्णालयांत झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की सुट्टीच्या वेळी सगळ्यांची दृष्टी नीट मोजून लिहिली तरी रुग्णालयाच्या कामाचा बऱ्यापैकी अंदाज येतो. म्हणजे मोतीबिंदूला पळवाट आहे. आरओपीला नाही.

अंश आणि छेद

रुग्णालयाच्या वहीत अंश असतो, छेद नसतो. छेद शोधायला गावात जावं लागतं, आणि ते काम नागपूरने केलेलं आहे. न्यू कॉलनीतल्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया यांनी जर्मनीचे योस्ट योनास यांच्यासोबत २००६ ते २००८ मध्ये नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या आठ गावांतली तिशीपुढची माणसं तपासली. ५,८८५ पात्र होती, ४,७११ आली. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या नावाने तो अभ्यास जगभर वाचला गेला. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची जाडी या गावकऱ्यांत सरासरी ५१४ मायक्रॉन भरली, युरोपीय माणसांपेक्षा पातळ. डोळ्यातला दाब मोजताना पातळ बुबुळ खरा दाब कमी दाखवतं. काचबिंदूचा संशय घेताना आपल्याकडच्या डॉक्टरने परदेशी आकड्यांवर विसंबू नये, हे आपल्याच शेतकऱ्यांच्या डोळ्यांनी सांगितलं. असं संशोधन ज्या शहरात झालं तिथे रोजच्या रुग्णांची सलग नोंद अशक्य आहे, हे मला पटत नाही.

याच मातीतला सिकलसेल हा रक्ताचा आजार घ्या. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपुरातून त्यावर लिहिलं. २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. या आजारातही पडद्याच्या कडेच्या वाहिन्या बंद पडून भलत्या वाहिन्या फुटतात, तरुणपणी, न दुखता. ज्यांची नावं यादीत आधीच आहेत त्यांचा पडदा ठरावीक वयात पाहणं, एवढी एक जोड दिली तर विदर्भातल्या तरुणांची दृष्टी वाचेल.

माहिती गोळा करायची तर ती कुणाच्या हातात, हा प्रश्न टाळता येणार नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञ संघटनेच्या आयरिस या २०१४ पासूनच्या अवाढव्य नोंदवहीतली, ओळख पुसलेली माहिती पुढे कंपनीमार्फत व्यावसायिक संशोधनाला जाऊ लागली. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, प्रत्येकाच्या आरोग्य नोंदींसाठीचा आभा क्रमांक आहे. तरी पेटीबाहेर घाबरून उभ्या आईचा अंगठा कशावर घेतला ते तिला तिच्या बोलीत सांगितलं गेलं पाहिजे. बाळाची ओळ त्याच्या डोळ्यासाठी उघडी राहावी, दुसऱ्या कशासाठी नाही.

माझं मागणं मोठं नाही. नागपुरातल्या प्रत्येक नवजात कक्षाने, सरकारी असो वा खासगी, दर महिन्याला चार आकडे जाहीर करावेत: पडदा तपासायला पात्र बाळं किती, वेळेत तपासली किती, उपचार लागले किती, उपचार मिळाले किती. यासाठी प्रत्येक कक्षात एक माणूस वेगळा नेमावा, डॉक्टर नसला तरी चालेल. सुट्टीच्या दिवशीच त्याने माहेर आणि सासर दोन्हीकडचे नंबर घ्यावेत, त्या-त्या गावच्या आशाताईचाही घ्यावा, तपासणीची तारीख आणि जागा ठरवूनच बाळाला घरी पाठवावं. पंचविसाव्या दिवशी फोन करावा. बाळ आलं नाही तर एकतिसाव्या दिवशी पुन्हा करावा, आणि येण्याजाण्याचं भाडं रोख देण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा. पेट्या, ऑक्सिजन, औषधं, परिचारिका यांवर एका बाळामागे जो खर्च आपण आनंदाने करतो, त्याच्यापुढे हा खर्च फार लहान आहे. जिल्ह्याच्या येत्या आराखड्यात हे पद आणि हे भाडं नावानिशी धरलं जावं.